एका छपराचा आमदार

"वारसा जतन, शिक्षण आणि महसूल या विषयांवरील चर्चांमध्ये दिवंगत सदस्यांनी मोलाचे योगदान दिले."

शोकप्रस्तावातलं हे वाक्य टीव्हीवर ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातात चहाचा कप होता, तो भिंतीवर मारला नाही एवढंच. बायको म्हणाली, "अहो, चांगलंच बोलायलेत की आप्पांबद्दल." बोलणारच! गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला कुणाच्या बापाचं काय जातंय? आप्पा बोलायला उभे राहिले की ह्याच बाकांवरची माणसं "बसा, बसा" म्हणून ओरडायची. आता सगळी कशी माना खाली घालून दोन मिनिटं उभी होती.

आणि असलं वाक्य तयार कसं होतं हे मला विचारा. मी अठरा वर्षं आप्पांचा पीए होतो. दिवंगत सदस्यानं कुठल्या कुठल्या चर्चेत भाग घेतला याची यादी काढायची, त्यातले तीन भारदस्त विषय उचलायचे, मागे 'मोलाचे' चिकटवायचं, की झालं काम. मीही लिहिलीत असली वाक्यं. आप्पा त्या चर्चांत नेमकं बोलले काय, हे उघडून बघायची तसदी कोण घेतो? म्हणून मी सांगतो. तिन्ही चर्चांत आप्पा एकच गोष्ट बोलले. एका शाळेच्या छपराची.

आप्पा म्हणजे आमचे आमदार. पेठ वडगावातलं गुळाच्या व्यापारातलं जुनं घर. बुटका, रुंद माणूस, खांद्यावर टॉवेल, खिशात भडंगाची पुडी. आवाज असा की ह्यांनी कानात सांगितलेली गोष्ट रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवाल्याला कळायची. साहेब म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. एक नवा तलाठी "साहेब, साहेब" करत मागे लागला होता, तर त्याला म्हणाले, "साहेब गेलं की देश सोडून. मी आप्पा हाय. काम काय हाय ते बोल." भडंग मात्र सगळ्यांना मिळायचं. विरोधी बाकावरच्यांनाही. चर्चा सुरू असताना पुडी हातोहात पलीकडे गेलेली मी गॅलरीतून बघितलीय.

आमदाराच्या घरी लग्नपत्रिका किती येतात याची तुम्हाला कल्पना नसेल. आप्पा एकही टाकायचे नाहीत. जिची मागची बाजू कोरी, तिच्यावर भाषण लिहायचे. "चांगला जाड कागद हाय. सरकारी कागद घाम लागला की फाटतोय," म्हणायचे. सभागृहात पत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभे राहायचे आणि एकेक पालटत बोलायचे. एकदा कालव्याच्या विषयावर बोलायचं होतं आणि गठ्ठा मी घाईत उलटा लावून दिला. "अध्यक्ष महाराज, आमचे येथे श्रीकृपेकरून..." एवढं वाचलं आणि आप्पा थांबले. सभागृह हसून लोळलं. मला वाटलं, आज आपली खैर नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, "अध्यक्ष महाराज, ह्या लग्नाला मी गेलतो. जेवण झ्याक होतं. कालव्याला पाणी तेवढं न्हाई." पत्रिका उलटली आणि पुढे सुरू. बाहेर आल्यावर मला एका शब्दानं बोलले नाहीत.

अधिकाऱ्यांना मात्र ते नकोसे व्हायचे, त्याला कारण त्यांचा एक ठरलेला प्रश्न. कुणीही काहीही माहिती दिली की आप्पा विचारायचे, "डोळ्यानं बघितलंस का कागदानं?" समोरचा गडबडला की त्याला जीपमध्ये घालायचे आणि थेट जागेवर न्यायचे. पूर्ण झालेला रस्ता दाखवायला नेलेला एक इंजिनिअर मी बघितलाय. गाडी चिखलात रुतली, तेव्हा आप्पा त्याला म्हणाले, "उतर आता, तुझ्या रस्त्यावर." बिचारा बूट हातात घेऊन चालला.

आणि तिसरी खोड थापेची. आनंद झाला की आप्पा समोरच्याच्या पाठीत थाप मारायचे. साधीसुधी नव्हे. आमच्या भागात याचं कुणाला काही वाटत नाही. थाप जेवढी जोरात, तेवढा माणूस खूश, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दहावी पास झालेल्या पोरांना बसायची, चांगला निकाल देणाऱ्या प्रांत अधिकाऱ्याला बसायची. एका जत्रेत एका म्हाताऱ्याला अशी बसली की त्याची कवळी बाहेर आली. म्हाताऱ्यानं ती धोतराला पुसून परत बसवली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आप्पा लई खूश हाय आज." माझ्या पाठीचं विचारूच नका.

शाळा त्यांना सापडली ती एका लग्नामुळेच. शाहूवाडीच्या डोंगरात एक वाडी आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या बाईंची बदली करून मोकळे होतील हे लोक. पाऊस लागला होता, मुहूर्ताला अवकाश होता, आणि कुठूनतरी पोरांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. आप्पा मांडवातून उठले आणि आवाजाच्या मागं निघाले. मी छत्री घेऊन त्यांच्या मागं.

ती एक दगडी धर्मशाळा होती, संस्थानाच्या काळातली. दगडात दगड असा बसवलेला की मध्ये बोटाचं नख जाणार नाही. कमानीवर कमळं कोरलेली. वर मात्र सडके वासे आणि फुटकी कौलं. आत पहिली ते चौथीची तेवीस पोरं होती. गळती जिथं नाही तिथं दाटीवाटीनं बसलेली. पाणी सरकलं की पोरं सरकायची, पाढा तेवढा थांबत नव्हता. शिकवणाऱ्या बाई शिरोळकडच्या, महापूर बघत वाढलेल्या. आप्पांनी विचारलं, "बाई, कसं वं शिकवता ह्यात?" तर म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी खालनं येतंय, हितं वरनं येतंय. मला सवय हाय आप्पा. पोरांना न्हाई."

दुसरी शाळा ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात तो ओढा चार महिने पाय टाकू देत नाही. आणि वरून पत्र आलं होतं, की इमारत धोक्याची आहे, छप्पर दुरुस्त होत नसेल तर ही शाळा बंद करून पोरं पलीकडच्या शाळेत घाला. म्हणजे पोरींनी घरी बसून शेरडं राखायची, सरळ मराठीत. छप्पर राहिलं तर शाळा राहणार होती, एवढी साधी गोष्ट. आप्पा लग्न विसरले. नवरीच्या बापाची माफी मागायला मला पाठवलं आणि स्वतः बाईंच्या खुर्चीवर चढून वासे हातानं दाबून बघत बसले.

आता सरकारचा खेळ बघा. आप्पांनी प्रश्न टाकला पुरातत्त्वाला. उत्तर आलं, सदर वास्तू संरक्षित यादीत नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे, तिचा वापर शाळेसाठी होत असल्यानं दुरुस्ती शिक्षण विभागानं करावी. मग टाकला शिक्षणाला. उत्तर आलं, वास्तू पुरातत्त्वाच्या विचाराधीन असल्यानं तिला हात लावता येत नाही, शिवाय जागा शाळेच्या नावावर नाही, महसूल विभागाकडे विचारणा करावी. मग महसुलाला. त्यांनी तर कमालच केली. म्हणे, सदर गटात कोणत्याही बांधकामाची नोंद नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवत नाही! तेवीस पोरं ओल्यात बसलीत, भिंती शंभर वर्षं उभ्या आहेत, आणि ह्यांच्या लेखी तिथं गवत आहे. आप्पांनी तो कागद हातात धरला, उलटा केला, सुलटा केला. "लेका," मला म्हणाले, "मी तवा कशावर उभा हुतो रं?" तीन वर्षं हेच चाललं. दर अधिवेशनात प्रश्न, दर अधिवेशनात तीच तीन उत्तरं, नुसती तारीख बदललेली. ह्यांना पगार कशाचा मिळतो हे मला आजही कळलेलं नाही.

मग आलं ते अर्थसंकल्पाचं अधिवेशन. त्यात एकेका खात्याच्या मागण्यांवर चर्चा होते आणि सदस्याला बोलता येतं. आप्पांनी तिन्ही चर्चांत नाव दिलं. वारशाच्या चर्चेत इतर लोक किल्ले आणि अस्मिता यावर बोलले. आप्पांनी कमळं कोरलेल्या कमानीबद्दल बोलून विचारलं, "ह्या दगडावर छप्पर कोण घालणार?" शिक्षणाच्या चर्चेत लोक डिजिटल वर्गावर बोलले. आप्पा म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आमच्या पोरांच्या पाटीवरचं लिहिलेलं पाण्यानं पुसतंय, तुमचा पडदा कुठं लावू?" दोन्ही मंत्री हसले, आणि दोघांनीही दुसऱ्याकडं बोट दाखवलं. 'मोलाचे योगदान' म्हणतात ते हे.

तिसरी चर्चा महसुलाची. मी प्रेक्षक गॅलरीत होतो. आप्पांची वेळ संपली, घंटा वाजली, तरी बसेनात. "मंत्रिमहोदय, डोळ्यानं बघितलंय का कागदानं?" असं एकदा, दोनदा, चारदा विचारलं. महसूल मंत्री वैतागले. माणूस तसा वाईट नव्हता. उठून म्हणाले, "आप्पा, बसा हो आता. पावसाच्या आत छप्पर घालून देतो. कुठल्या खात्यातून ते आम्ही तिघं बघून घेऊ. झालं समाधान?"

मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द म्हणजे आश्वासन. ते नोंदलं गेलं की त्याच्या मागं समिती लागते, पाळलं का नाही ते विचारते. तीन वर्षांची लढाई एका वाक्यात जिंकली होती.

आणि आप्पांना आनंद झाला.

काय होणार ते माझ्या लक्षात आलं, पण गॅलरीतून ओरडता येत नाही. आप्पा जागेवरून निघाले, पायऱ्या उतरले, थेट मंत्र्यांच्या बाकापाशी गेले आणि "भले पठ्ठे!" म्हणून पाठीत थाप घातली. चष्मा उडाला तो समोरच्या कागदांत. मंत्री टेबलावर ओणवे. आणि एकच गदारोळ. "मंत्र्यांवर हात उचलला!" "निलंबित करा!" आप्पा गोल फिरून सगळ्यांना सांगत होते, "अवो, शाबासकी दिली की! शाबासकी!" एवढा मोठा त्यांचा आवाज, पण त्या दिवशी कुणाला ऐकू गेला नाही.

अधिवेशन संपेपर्यंत निलंबन. ते एक वेळ समजू शकतो. पण अध्यक्षांनी पुढं आदेश दिला, की मंत्रिमहोदयांच्या शेवटच्या उत्तरापासून जे काही घडलं ते कामकाजातून काढून टाकावं. शेवटच्या उत्तरापासून! म्हणजे थाप गेली आणि तिच्याबरोबर छप्परही गेलं. चार दिवसांनी छापील प्रत आली. त्यात आप्पांचा प्रश्न होता, आणि पुढं नुसती टिंबं. अहो, तोंडातून निघालेला शब्द कागदावरून खोडला म्हणजे तो परत तोंडात जातो का? मंत्री आप्पांना बाहेर भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोललो होतो हो मी. पण आता रेकॉर्डवर नाही ना. माझे हात बांधलेत." त्यांच्या त्या बांधलेल्या हाताकडं मी बघतच राहिलो. अंगठ्या होत्या चार.

कोल्हापुरात तर ह्याच्याहून वाईट. थापेची क्लिप प्रत्येकाच्या फोनवर. कुणी तिला ढोल-ताशा जोडला, कुणी हलगी. विरोधकांनी 'गुंड आमदार' म्हणून फिरवली, आणि आपलीच पोरं 'आमच्या आप्पांनी मंत्र्याला हाणला' म्हणून स्टेटसला लावून बसली. पंधरा-वीस जण फेटा आणि हार घेऊन सत्काराला आले. आप्पांनी टॉवेल उगारून त्यांना पिटाळलं. "हाणला न्हाई रं मुडद्यांनो! त्यो चांगलं बोलला म्हणून दिली!" पोरं हसत हसत गेली. छपराचं त्यातल्या एकानंही विचारलं नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. पक्षाच्या नेत्यांनी एक टाइप केलेलं पत्र पाठवलं. आप्पांनी सही केली की निलंबन मागं. ते पत्र घेऊन आमदार निवासाच्या खोलीत मी गेलो. पहिल्या परिच्छेदात दिलगिरी होती. दुसऱ्यात एकच ओळ, मंत्रिमहोदयांनी सहज काढलेल्या उद्गारांना मी गैरसमजानं आश्वासन समजलो.

आप्पांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. म्हणाले, "पहिलं खरं हाय. थाप मारली, चुकलो. सभागृह म्हंजे वडगावचा बाजार न्हवं. म्हणत असतील तर पाय धरतो त्याचं. दुसरं खोडून आण."

"खोडत नाहीत, आप्पा. विचारलं मी."

"मग न्हाई."

"आप्पा, एका ओळीनं काय होतंय? सही करा, आत जा, परत प्रश्न टाका. बाहेर बसून तुम्ही काय करणार?"

"त्यो बोलला का न्हाई?"

"बोलला."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं की."

"मग बोलला न्हाई असं मी लिहून देऊ? पोरांच्या छपरावर माझ्याच हातानं फुली मारू?"

मी चिडलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा आप्पांवर आवाज चढवला. म्हटलं, तुमच्या एका थापेपायी सगळं गेलं, आणि आता ताठा कशाचा? पुढच्या वेळी तिकीट मिळायचं नाही. आप्पांनी पत्राची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. मग खिशातून भडंगाची पुडी काढली आणि माझ्यापुढं धरली. मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीनं कोल्हापूरला गेले.

मे महिन्यात बातमी आली, आप्पा वाडीत जाऊन राहिलेत. गुळाच्या जुन्या गोदामाचे पत्रे उतरवून दोन ट्रॅक्टर भरून नेलेत. मी दोन दिवस घरात तणतणलो आणि तिसऱ्या दिवशी गेलो. बघतो तर निम्मी वाडी कामाला लागलेली. आप्पांनी खांब भिंतींच्या बाहेर, जमिनीत रोवले होते आणि सगळं छप्पर त्या खांबांवर तोललं होतं. कुणीतरी हातोडी घेऊन भिंतीकडं गेला की ओरडायचे, "दगडाला खिळा लावशील तर हात मोडीन! जुन्या म्हाताऱ्यांनी जीव लावून घडवलाय त्यो." वारसा जतन म्हणतात ते असं असतं, मुंबईत बसलेल्यांनो. उद्या काढायचं म्हटलं तर दगडावर ओरखडा न उठता निघेल, असं छप्पर त्या गुळाच्या व्यापाऱ्यानं घातलं. मला बघून एवढंच म्हणाले, "आलास? धर हे." पाऊस आला तेव्हा बाईंनी पहिल्यांदा पोरांना रांगेत बसवलं.

आणि आठ दिवसांत तीन नोटिसा! एक पुरातत्त्वाची, संरक्षणासाठी प्रस्तावित वास्तूत विनापरवाना फेरबदल. एक शिक्षणाची, शालेय इमारतीत परवानगीविना बांधकाम. एक महसुलाची, शासकीय जागेवर अतिक्रमण. तीन वर्षं जिथं काहीच नव्हतं, तिथं आठ दिवसांत इमारत उगवली, शाळा उगवली, जमीनही उगवली, आणि तिन्हींचे मालक दारात हजर! छप्पर घालायला कुणी नव्हतं, काढायला तीन खाती. मी तणतणत त्या आप्पांपुढं टाकल्या. आप्पा मात्र सोप्यात बसून एकेक नोटीस मोठ्यानं वाचत होते आणि मांडीवर थापा मारत होते. "उद्भवला, लेका! उद्भवला की न्हाई प्रश्न? तिघंबी येऊन डोळ्यानं बघून गेलं!"

ह्या तीन नोटिसा सभागृहात दाखवायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. दोनदा नाव दिलं, दोनदा वेळ मिळाली नाही. मग निवडणूक आली. तिकीट नाकारलं, अपक्ष उभे राहिले, पडले. पाडलं कुणी? आपणच. समोरच्यानं गावोगाव कमानी आणि बाकडी देतो म्हणून सांगितलं, आणि आप्पांचं नाव ठेवलं 'एका छपराचा आमदार'. आमच्या गल्लीत लोक ते म्हणून हसायचे, आणि हसणाऱ्यांची पोरं आप्पांनी आणलेल्या दाखल्यांवर शिकलेली. त्या वाडीत तेवढी झाडून सगळी मतं पडली, पण वाडीत मतं असतात किती?

नोटिसांचा खटला मात्र चालू राहिला. सुनावण्या एका अधिकाऱ्यापुढं एकत्र लावल्या. दर तारखेला आप्पा टॉवेल टाकून हजर, आणि दर नव्या अधिकाऱ्याला तोच प्रश्न, डोळ्यानं बघितलंस का कागदानं. निकाल लागेपर्यंत छपराला हात लावता येत नव्हता, एवढं त्यांना पुरे होतं. असे तीन पावसाळे निघाले. ह्या हिवाळ्यात सकाळी तोंड धुताना खाली बसले, ते उठलेच नाहीत.

शोकप्रस्ताव झाला आणि त्यानंतर पुढची तारीख आली. आप्पांच्या पत्नी, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, माहेर सीमेपलीकडचं कानडी मुलखातलं. राजकारणाचा त्यांना कायम तिटकारा. आमदारकीच्या काळात एकदाही व्यासपीठावर चढल्या नाहीत. त्या दिवशी सकाळी मला फोन केला, "मला घिऊन चल." कचेरीत शिरोळच्या बाईही येऊन मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. सरकारी नोकर, तोंड उघडायची सोय नाही.

अधिकारी तरुण होता, आदबीनं वागला. आक्कांना खुर्ची दिली, आप्पांच्या जाण्याचं वाईट वाटलं म्हणाला. मग कागद बघून वाचलं, "प्रतिवादी मयत झाल्यानं त्यांच्याविरुद्धची कार्यवाही बंद करण्यात येत आहे." आणि फाइलची दोरी बांधायला लागला.

"आणि छप्पर?" आक्कांनी विचारलं.

"ते सोमवारी उतरवतील, आक्का. आता हरकत घ्यायला कुणी राहिलेलं नाही ना."

म्हणजे माणूस मेल्याचा हा उपयोग! मागं बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मी हाय की," आक्का म्हणाल्या. "त्यांचं नाव खोडा आणि माझं घाला."

"असं करता येत नाही. बांधकाम त्यांनी केलेलं आहे."

"पत्रे कुणाचे हाईत, माहीत हाय? वडगावचं गोदाम माझ्या बापानं मला घिऊन दिलंय. सातबारा आणलाय मी." पिशवीतून कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "पत्रे माझे, खांब माझे. त्यांनी नुसते चढवले. काढायचे असतील तर मला नोटीस काढा, माझं म्हणणं ऐका, तारीख द्या. पावसाळ्यानंतरची द्या."

अधिकाऱ्यानं सातबारा वाचला. पुन्हा वाचला. मग दोरी सोडली आणि कोरा कागद पुढं ओढला.

"तुम्हाला त्रास होईल, आक्का. दंड आहे, फौजदारी होऊ शकते."

"लिहा म्हटलं न्हवं."

त्यानं आक्कांचं नाव लिहिलं. मग माझ्याकडं बघितलं. "आपण कोण? वकील?"

"नाही," मी म्हटलं. "पत्रे चढवताना शिडी मी धरली होती. खाली दुसरं नाव माझं घाला."

"अहो, तुमचा काय संबंध? कशाला अंगावर घेताय?"

"धरली होती. डोळ्यांनी बघणारी अख्खी वाडी आहे. लिहा."

त्यानं पेन उचललं आणि नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि ते लिहून होईपर्यंत टेबलासमोरून हललो नाही.